शनिवारचं उत्तर

कृतिकाला मराठी धड वाचता येत नसे. शाळा सगळी हिंदीत झालेली, नोकरीही देवासच्या एका हिंदी शाळेत चित्रकला शिकवण्याची. घरी आईशी बोलतानाही तिचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. तीच मुलगी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी रोज सकाळी कानात इयरफोन घालून जुन्या वळणाचं मराठी ऐकत बसेल, तेही येशूच्या नावाचं, असं तिच्या आईला, बकुळाबाईंना, कधी वाटलं नव्हतं.

त्याची सुरुवात डायलिसिसच्या खोलीत झाली. कृतिकाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. वडिलांनी, कृष्णाजींनी, आपली एक दिली. ती दोन वर्षं चालली आणि मग तिच्या शरीरानं ती नाकारली. बकुळाबाईंना मधुमेह, त्यांची घेता येत नव्हती. दुसऱ्या किडनीसाठी नाव लावून ठेवलं होतं, पण त्याबद्दल घरात आता कुणी बोलत नसे. आठवड्यातून तीनदा सकाळी कृष्णाजी गाडी काढत, मायलेकींना दवाखान्याच्या दारात सोडत आणि स्वतः बाहेर गाडीतच बसून राहत. दिलेली किडनी वाया गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं.

शेजारच्या पलंगावर खातेगांवच्या राजाबाई असत. पहाटेची बस धरून येत, मशीन लागलं की डोळे मिटून फोनवर काहीतरी ऐकत. एकदा त्यांचा इयरफोन निसटला आणि एका पुरुषाचा आवाज खोलीत आला. शांत, थोडा घोगरा, घाई नसलेला. "सलाम, घरच्यांनो. झोप लागली का रात्री? नसेल लागली तर नसेल. देवाला जागी माणसंही चालतात."

कृतिका हसली. मशीनवर असताना ती हसलेली बकुळाबाईंनी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"मावशी, हे काय आहे?" तिनं विचारलं.

"पॉडकास्ट म्हणतात गं. 'दहिवर' नाव आहे. धारचे आढाव म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत, ते बोलतात रोज. माझ्या नणंदेची सून त्यांच्यातली, तिनं पाठवलं. आपल्याला काय, दोन शब्द बरे कानी पडतात."

"दहिवर म्हणजे? दहीसे कुछ?"

"दव गं, दव," बकुळाबाई म्हणाल्या. "माझी आजी म्हणायची. पहाटे पानांवर पडतं ते. ओस."

त्या दिवसापासून मायलेकींनी एकेक इयरफोन वाटून घेतला. कृतिका पडलेली, बकुळाबाई स्टुलावर, मधे ती वायर आणि पलीकडे रक्त फिरवणारं मशीन. दहा-बारा मिनिटांचा भाग असायचा. शमुवेल आढाव बायबलातलं एखादं वचन घेत आणि मग त्याच्याभोवती आपलं घरगुती काहीतरी बोलत. इस्त्री करताना पाणी शिंपडायला विसरलं की काय होतं. शेजारी भांडला तर त्याच्यासाठी प्रार्थना करताना जीभ कशी अडखळते. "आज मला देवाचा राग आलाय," असंही एकदा ते सरळ म्हणाले, आणि त्यावर काही सारवासारव केली नाही. शेवटी छोटी प्रार्थना, आणि शनिवारी ऐकणाऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं.

कृतिका मधेच थांबवून विचारायची. "सांत्वन मतलब?" "धीर देणं." "कनवाळू?" "दया येते तो." "आई, तुला हे सगळं कसं माहीत?" बकुळाबाईंना हे शब्द माहेरून माहीत होते. त्यांचे पणजोबा देवास संस्थानात, थोरल्या पातीच्या राजांच्या दरबारात कारकून होते, आणि घरातल्या बायका पुढेही तसलंच मराठी बोलत राहिल्या. सासरी आल्यावर ते मराठी कुणाशी बोलायला उरलं नव्हतं. आता ते धारच्या एका ख्रिस्ती माणसाच्या तोंडून परत येत होतं, आणि त्या ते मुलीला एकेक शब्द करून देत होत्या. आजारपणाच्या सगळ्या वर्षांत एवढं एकच त्यांना बरं वाटलं होतं.

हळूहळू ते घरातही आलं. सकाळी बकुळाबाई देवघरात दिवा लावत, खंडोबाच्या टाकावर भंडार वाहत, आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीतून "सलाम, घरच्यांनो" ऐकू येई. कृतिकानं धर्मबिर्म काही बदलला नाही, तसा विषयही निघाला नाही. ती नवरात्रात देवीच्या टेकडीवर जाऊ शकत नसे, तर खालूनच हात जोडे. पण भाग संपला की ती डोळे मिटून हिंदीत काहीतरी पुटपुटे, आणि ते काय असे हे बकुळाबाईंनी कधी विचारलं नाही.

कृष्णाजींना त्यांनी भीतभीतच सांगितलं होतं. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ऐकू दे. ज्या देवाचा फोन लागेल तो लावू दे."

थंडी सरता सरता राजाबाईंचा पलंग रिकामा झाला. दोन खेपा त्या आल्या नाहीत, तिसऱ्या खेपेला तिथे दुसरा माणूस होता. त्या खोलीत विचारायची रीतच नव्हती. कृतिकानं त्या दिवशी भाग लावला नाही.

त्यानंतर सगळंच बिघडत गेलं. सुया टोचण्यासाठी तिच्या डाव्या हाताची शीर जोडून मोठी केलेली होती, ती बंद पडली. उजव्या हाताला करून पाहिली, ती धरली नाही. मग मानेत नळी घातली. नळीला पू झाला, ताप आला, दात वाजेपर्यंत थंडी भरली. नळी काढली, दुसऱ्या बाजूला घातली. डॉक्टर म्हणाले, आता पुढची मांडीत घालावी लागेल. मशीनवरून उतरल्यावर पूर्वी ती संध्याकाळपर्यंत उठून बसायची. आता दुसरा दिवसही झोपूनच जाई, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी दारात. पाणी दिवसाला मोजकं, तेही घोटाघोटानं. उन्हाळा लागला तशी ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून भिंतीकडे बघत पडे. शाळेतली नोकरी केव्हाच सुटली होती.

एकदा सकाळी ती म्हणाली, "आई, मैंने आढावकाका को सवाल भेजा है. आवाजात बोलून. मराठीत."

"कसला?"

"शनिवारी सांगतील तेव्हा ऐक."

शनिवार आला. काकांनी कुणा बाईच्या सासूबद्दलच्या प्रश्नाला उत्तर दिलं. पुढच्या शनिवारी कुणाच्या दारूबद्दल. कृतिका प्रत्येक शनिवारी उशीला टेकून बसायची आणि भाग संपला की इयरफोन काढून मुकाट्यानं पडायची. वैशाखातल्या एका शनिवारी काका म्हणाले, "आज गारठा एवढा आहे की बोटं वळत नाहीत, करुणानं शेगडी आणून ठेवलीय पायाशी." बाहेर सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं.

कृतिकानं फोन थांबवला. "आई, ये पुराना है. सगळे जुनेच आहेत. मला दोन-तीनदा वाटलंच होतं."

"मग ते गेले कुठे?"

"वही तो. मला धारला ने."

बकुळाबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. त्यांच्या मनात वेगळंच होतं. हा माणूस मुलीच्या डोक्यावर हात ठेवेल, त्या आवाजात चार शब्द सांगेल, पोरीच्या अंगात पुन्हा झुंजायचं बळ येईल. त्यांना चमत्कार नको होता, फक्त मांडीतल्या नळीला तिनं हो म्हणायला हवं होतं. मशीन नसलेल्या एका दिवशी कृष्णाजींनी गाडी काढली. मागच्या सीटवर गादी टाकून कृतिकाला आडवं केलं. इंदूर ओलांडून दुपारच्या आत ते धारला पोचले.

चर्चपाशी एकजण सायकल लावत होता. कृष्णाजींनी काच खाली केली. "भिया, आढावसाहब का घर?"

"शमुवेल सर? वो पीछे, नीम के पास. पर वो तो..." त्यानं मागच्या सीटवरच्या कृतिकाकडे पाहिलं आणि पुढचं बोलला नाही. "जाओ, जाओ. काकी घर पे ही होंगी."

कृष्णाजी नेहमीसारखे गाडीतच थांबले. दार एका साठीच्या, ताठ बाईंनी उघडलं. पांढरी साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या करुणाबाई.

"देवासहून आलोय," बकुळाबाई म्हणाल्या. "आम्ही 'दहिवर' ऐकतो."

करुणाबाईंच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि लगेच तो ओशाळला. "ऐकता होय," त्या म्हणाल्या. "आत या. मुलीला आधी बसवा."

खिडकीपाशी खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. कृतिका भिंतीचा आधार घेत त्यांच्यापर्यंत गेली आणि वाकली. "काका, मी कृतिका. देवासची."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे उजळले. "नाही," ते म्हणाले. "नाही, नाही, नाही."

आवाज तोच होता. तसाच शांत, तसाच घोगरा.

"दिवाळीनंतर मेंदूत रक्त साकळलं," करुणाबाई म्हणाल्या. "तेव्हापासून शब्द एवढा एकच उरलाय. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. मी आले की नाही, मी गेले की नाही. समजतं किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"मग रोज जे येतं ते?"

"जुनं आहे. मीच टाकते. शिकून घेतलं फोनवर." त्या पदराच्या टोकानं चष्मा पुसू लागल्या. "लोकांचे निरोप येतात हो. एकजण लिहितो, तुमचा आवाज ऐकल्याशिवाय कामावर जात नाही. त्याला काय कळवू? वाटलं, थोडे दिवस. तोवर हे बोलायला लागतील. आणि खरं सांगू का, मलाही सकाळी तो आवाज हवा असतो. हे इथे बसलेले असतात आणि मी स्वयंपाकघरात यांनाच ऐकते."

कृतिका स्टूल ओढून काकांच्या समोर बसली होती. तिनं मान न वळवता विचारलं, "काकी, मेरा सवाल मिला था?"

करुणाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मिळाला," त्या म्हणाल्या. "दोनदा ऐकला. मला उत्तर येत नव्हतं, पोरी. यांच्यापुढे लावून पाहिला. हे रडायला लागले. मग मी बंद केला."

"कसला प्रश्न?" बकुळाबाईंनी विचारलं. "कृतिका, कसला प्रश्न?"

कृतिकानं काकांचा चांगला हात आपल्या हातात घेतला. मग ती बोलली, सावकाश, एकही हिंदी शब्द न घेता, पाठ करून आल्यासारखी. "काका, मी आता थकले. मी मशीन थांबवलं तर देव माझ्यावर रागावेल का?"

"नाही," काका म्हणाले.

मशीन थांबवणं म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आठवडा, फार तर दोन.

बकुळाबाई उठून मधे आल्या. "अहो, असं नका सांगू तिला. तिनं जगावं, असं सांगा. थांबवू नकोस म्हणा. म्हणा ना! जगायचं ना तिनं?"

त्यांनी बकुळाबाईंकडे पाहिलं. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या. काहीतरी वर येत होतं आणि ओठांशी येऊन मोडत होतं. "ना... ना... नाही," ते म्हणाले.

"चूप बसा!" बकुळाबाई ओरडल्या.

परक्या घरात, एका आजारी माणसावर. त्यांचं त्यांनाच कळेना हे कसं झालं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. करुणाबाईंनी पुढे होऊन ते पदरानं टिपलं आणि त्या कृतिकाजवळ गुडघे टेकून बसल्या. "पोरी, ऐक माझं. हे उत्तर नाही. मी तुला सांगितलं ना, त्यांना दुसरं काही म्हणताच येत नाही. तू 'देव आहे का' विचारलंस तरी हेच म्हणतील. हे घेऊन जाऊ नकोस."

"मालूम है, काकी," कृतिका म्हणाली. तिचा चेहरा अगदी निवांत होता. "मला थोडं पाणी मिळेल?"

करुणाबाईंनी स्टीलचा मोठा पेला भरून आणला. त्यांना काय माहीत. कृतिकानं तो दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता, गळ्याचा आवाज करत, ती तळापर्यंत प्यायली. मग तिनं आणखी मागितलं. बकुळाबाई समोर उभ्या होत्या. हात पुढे करून पेला काढून घ्यावा एवढंही त्यांना सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर कृतिकानं वडिलांना स्वतःच सांगितलं. कृष्णाजींनी घाटाबिल्लोदच्या पुढे गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरले आणि शेताकडे तोंड करून उभे राहिले. ट्रक जात होते, त्यांचा सदरा फडफडत होता. बऱ्याच वेळानं येऊन बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "माझी एक तुला दिली होती. तिलाही तू नाही म्हटलंस, आता मशीनलाही तूच नाही म्हणतेस."

"आबा, मैंने नहीं, शरीर ने."

"हां," ते म्हणाले. "तेच."

घरी भांडणं झाली. बकुळाबाईंनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, देवाची शपथ घातली. कृतिका ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आई, तू एक दिवस माझ्या जागी पड." डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून समजावलं, मग आईवडिलांना आत बोलावलं आणि सांगितलं की ती पूर्ण शुद्धीत आहे, निर्णय तिचा आहे, मन बदललं तर लगेच घेऊन या. पहिली खेप चुकली. कृष्णाजी सवयीनं गाडी काढून दारात उभे राहिले होते. थोड्या वेळानं त्यांनी ती परत आत लावली.

बकुळाबाईंनी धारला फोन केला. "तिला समजवा. तुमचं ऐकेल."

करुणाबाई तिच्याशी खूप वेळ बोलल्या. कृतिका "हां काकी, हां काकी" करत राहिली. मग फोन आईकडे देत म्हणाली, "अच्छी हैं बेचारी. पण काका ते काकाच."

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, आणि तेच बकुळाबाईंना सर्वांत जड गेले. मशीनचा थकवा नव्हता. ती अंगणात येऊन बसे, जुने भाग लावी, आता आईला अर्थही विचारत नसे. पाणी हवं तेवढं पिई. एके दिवशी तिनं आंबा मागितला. इतकी वर्षं आंबा तिला वर्ज्य होता, त्यानं हृदय बंद पडू शकतं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बकुळाबाईंनी आधी नाही म्हटलं. मग त्यांना वाटलं, आता कुणासाठी राखून ठेवायचा, आणि त्यांनी तो चिरून दिला. कृतिकानं कोय चोखून पांढरी केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक खाल्ला.

मग पाय सुजले. चेहरा सुजला. उताणं पडलं की श्वास पुरेना, म्हणून ती बसून झोपू लागली. अंगाला खाज, तोंडाला घाण वास, अन्नाचा तिटकारा. बकुळाबाई पाठीशी उशा लावून तिला धरून बसत. फोनवर काका बोलत असत. एका सकाळी ते बोलत असतानाच कृतिकानं आईचं मनगट घट्ट धरलं.

"आई, बंद कर ते."

बकुळाबाईंनी बंद केलं.

"आई, मुझे डर लग रहा है. बहोत डर लग रहा है. असं असेल हे मला माहीत नव्हतं. आबांना म्हण गाडी काढा. मला मशीनवर घेऊन चला."

कृष्णाजी दारातच होते. त्यांनी तिला लहान मुलीसारखं उचललं. एक किडनी दिल्यापासून त्यांना जड उचलायची मनाई होती. उड्डाणपुलाखाली गाड्या अडकल्या होत्या, ते हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मागे कृतिका आईच्या छातीला टेकून श्वास ओढत होती आणि मधून मधून विचारत होती, "आलं का? आलं का?" दवाखान्याच्या दारात यावेळी कृष्णाजी गाडीत थांबले नाहीत. ट्रॉलीच्या एका बाजूनं ते धावले, दुसऱ्या बाजूनं बकुळाबाई. मशीन मोकळं होतं, नर्सनं नळ्याही लावायला घेतल्या होत्या. कृतिकाचे डोळे त्या मशीनवरच होते. हृदय तिथेच थांबलं. त्यांनी छाती दाबली, औषधं दिली, पुन्हा दाबली. मग डॉक्टर बाजूला झाले.

तेरावा झाला. नातेवाईक आले, गेले. सगळे म्हणाले, सुटली बिचारी. बकुळाबाई मान हलवत राहिल्या. त्यांना रात्रंदिवस दोनच गोष्टी दिसत होत्या, ती चिरलेली आंब्याची फोड आणि मशीनकडे लागलेले ते डोळे. देवघरात दिवा लावायचं काम आता कृष्णाजी करत. बकुळाबाईंचे हात जोडलेच जात नसत. कुठल्याच देवाशी बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

काही दिवसांनी धारहून फोन आला. करुणाबाईंना बातमी चर्चमधल्या कुणाकडून कळली होती. त्या बराच वेळ रडल्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "शांतपणे गेली ना हो?"

त्या प्रश्नात काय होतं ते बकुळाबाईंना कळलं. ही बाई गेले कित्येक दिवस त्या एका शब्दाचं ओझं घेऊन बसली असणार. तो माणूसही, त्याला समजत असेल तर. आणि आता खरं सांगून कुणाचं काय परत येणार होतं?

"हो," त्या म्हणाल्या. "झोपेतच गेली."

"प्रभूची कृपा," करुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा श्वास सुटलेला बकुळाबाईंना इथे ऐकू आला. "मी यांना सांगते. आत्ता सांगते."

बकुळाबाई 'दहिवर' ऐकतच होत्या. श्रद्धा म्हणून म्हणावं तर तसं काही उरलं नव्हतं. पण सकाळी त्या वेळेला घर एवढं मुकं होई की काहीतरी लावावं लागे, आणि दुसरं काय लावायचं ते त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही इयरफोन कानात घालायला नको वाटे, म्हणून त्या फोन ओट्यावर ठेवून पोळ्या लाटत.

पुढच्या शनिवारी "सलाम, घरच्यांनो" वेगळ्याच आवाजात आलं. करुणाबाई होत्या. कागदावरून वाचल्यासारख्या, अडखळत बोलत होत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. शमुवेल आजारी आहेत, बोलू शकत नाहीत, इतके महिने तुम्ही ऐकलेलं जुनं होतं, मला क्षमा करा. मग त्या थांबल्या, पाणी प्यायल्या.

"एक साक्ष सांगायची आहे," त्या म्हणाल्या. "देवासची एक बहीण होती. तरुण होती, फार आजारी. आमच्या घरी आली होती, यांना एक प्रश्न विचारायला. तिनं उपचार थांबवले. आम्हाला फार भीती वाटली होती. पण ती बहीण झोपेत, शांतपणे प्रभूकडे गेली. तिच्या आईनं स्वतः मला सांगितलं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी असंच थकलं असेल, घाबरलं असेल, तर भिऊ नका."

बकुळाबाईंचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी जळायला लागली. त्यांनी पिठाच्या हातानंच फोन उचलला, करुणाबाईंचा नंबर काढला. कुठेतरी कुणीतरी मशीनवर पडून आत्ता हे ऐकत असेल. पण काय सांगणार? ती घाबरली होती हो, फार घाबरली होती, परत आणा म्हणत होती? आणि मग ते त्या बाईनं त्या खुर्चीतल्या माणसाला जाऊन सांगायचं? त्या नंबराकडे बघत राहिल्या. स्क्रीन विझला.

कृष्णाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. केव्हापासून होते कोण जाणे.

"झोपेत?" ते म्हणाले.

बकुळाबाईंनी गॅस बंद केला. जळलेली पोळी तव्यावरून काढून बाजूला ठेवली.

कृष्णाजींनी खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि दूध आणायला बाहेर पडले.